उपकार जाणावा आणि जाणवूनही द्यावा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपल्याकडे प्राध्यापक येतात, वकील येतात. यंदा समितीने ठरविले की घरच्याच माणसाला उभे करायचे. मला सांगण्यात आले, "भाऊ, गेल्या वर्धापनदिनापासून आजपर्यंतचे वर्ष कसे गेले आणि धम्म त्यात कुठे कामाला आला, ते बोला." मी काही विद्वान नाही. खोपोलीच्या बाजूला एका मिलमध्ये तीस वर्षांच्या वर नोकरी झाली. पहाटे घाट उतरायचा, पाळी संपली की घाट चढायचा. शाळा सातवीपर्यंत. माझे वडील मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. वडील ट्रंक घेऊन गावी आले आणि माझे दप्तर खुंटीला लागले.

पुढचे शिक्षण मिलमध्येच झाले. आमची मिल रद्दीपासून कागद बनवते. रद्दीच्या गाठी फोडताना त्यातून पुस्तके निघायची. आमचे तेव्हाचे मुकादम दयाळू. म्हणायचे, "एखादं पुस्तक हौदात कमी गेलं तर काय बिघडत नाही, ने घरी." बाबासाहेबांचे पहिले चरित्र मी असे वाचले, पाने अर्धी ओली होती. सांगायचा मुद्दा असा की मला जे दोन शब्द येतात ते कुणाच्या ना कुणाच्या उपकाराने येतात. म्हणून आजच्या भाषणाचा विषय मी कृतज्ञता हाच घेतला आहे.

प्रथम वर्षाविषयी. आपल्या भिक्खू संघात ज्येष्ठता जन्मतारखेवरून ठरत नाही. उपसंपदा घेतल्यापासून किती वर्षावास पूर्ण झाले, त्यावरून ठरते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहायचे, अध्ययन करायचे, साधना करायची. आपल्या मावळात पाऊस म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. कपडे वाळत नाहीत, चूल पेटत नाही, समोरचा माणूस धुक्यात दिसत नाही. अशा पावसात भिक्खूंना आसरा मिळावा म्हणून कार्ले, भाजे, बेडसे इथला काळा कातळ आपल्या पूर्वजांनी कोरला. म्हणजे वर्ष कसे मोजावे, याचे उत्तर आपल्या डोंगरातच आहे. किती दिवस गेले ते कॅलेंडर सांगते. आपण त्यात काय शिकलो, कुणाच्या आसऱ्याने उभे राहिलो, ते आपले आपण मोजायचे.

आता माझ्या घरचे सांगतो. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या पत्नीच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झाले, रक्त फार गेले, तीन बाटल्या चढवाव्या लागल्या. दोन दिवस डॉक्टर नीट बोलत नव्हते. तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "गॅस बंद केलाय ना?" तेव्हा आम्हाला कळले की बाई वाचली. आज ती महिला मंडळात तुमच्यासमोर बसली आहे.

दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या. फार मायाळू. त्या म्हणाल्या, "देवानं वाचवलं हो तुमच्या लक्ष्मीला, नवस फेडा." मी हात जोडले. त्यांच्या शब्दात प्रेम होते, तिथे वाद घालायचा नसतो. पण रात्रभर बाकड्यावर बसून मी विचार करत राहिलो. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. आपण नवस बोलत नाही, फेडत नाही. मग आपल्याला जे मिळाले त्याचे आभार मानायचे कुणाचे? आभार मानायला देव नाही म्हणून बौद्ध माणूस कोरडा राहतो की काय?

उत्तर मला सकाळी मिळाले, आणि ते फार साधे आहे. आभार त्यांचेच मानायचे ज्यांनी केले. रक्त दिले ते तीन अनोळखी माणसांनी. त्यांची नावे रक्तपेढी सांगत नाही. रात्रपाळीच्या सिस्टर माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. रिक्षा काढली ती वलवणच्या पोराने, पैसे घेतले नाहीत. आणि या विहारातल्या भगिनींनी सतरा दिवस आमच्या घरी पाळीपाळीने डबा पोचवला. एका दिवसाचाही खंड नाही.

आता एक विचारतो. ऑपरेशनचा खर्च कुणी केला? माझ्या खिशात तेवढे पैसे नव्हते. ईएसआयचे कार्ड होते. ते कार्ड आकाशातून पडले नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याच काळात प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याचे काम सोपविण्यात आले. त्यांचा अहवाल १९४४ साली आला आणि त्यातून पुढे १९४८ चा राज्य विमा कायदा झाला. आठवड्याचे ५४ तास होते ते ४८ वर आले, तेही १९४६ साली, बाबासाहेबांच्याच कारकिर्दीत. आपण जयंतीला बाबासाहेबांना हार घालतो, ते योग्यच आहे. पण दवाखान्याच्या खिडकीवर कार्ड दाखवताना आणि पाळी सुटल्याचा भोंगा वाजताना किती जणांना बाबासाहेब आठवतात?

तथागतांनी कृतज्ञतेला मंगल म्हटले आहे. महामंगल सुत्तात अडतीस मंगले सांगितली आहेत. त्यात आईवडिलांची सेवा आहे, बायकोमुलांचा सांभाळ आहे, गोंधळ न करता नेटके काम करणे आहे, आदर आहे, नम्रता आहे, संतोष आहे, आणि त्यांच्याच रांगेत कृतज्ञता आहे. आपण हे सुत्त लग्नात म्हणतो, गृहप्रवेशात म्हणतो. मंगल म्हणजे मुहूर्त नव्हे, मांजर आडवे न जाणे नव्हे. आपण कसे वागतो तेच मंगल किंवा अमंगल.

पालीत कृतज्ञ माणसाला दोन शब्द आहेत, ते नेहमी जोडीने येतात. एक कतञ्ञू, दुसरा कतवेदी. भन्तेजींनी मला ते समजावून सांगितले. कतञ्ञू म्हणजे केलेले जाणणारा. कतवेदी म्हणजे ते जाणवून देणारा, बोलण्यातून आणि कृतीतून दाखवणारा. मनात जाणले पण तोंडाने म्हटले नाही, हाताने केले नाही, तर अर्धेच काम झाले. अंगुत्तर निकायात भगवंतांनी म्हटले आहे की जगात दोन माणसे दुर्मिळ असतात. एक, जो आपणहून आधी उपकार करतो, आणि दुसरा, जो केलेला उपकार जाणतो व जाणवून देतो.

धम्मपदाच्या अट्ठकथेत एक गोष्ट येते. राध नावाचा एक म्हातारा गरीब ब्राह्मण जेतवनात पडेल ते काम करायचा. त्याला भिक्खू व्हायचे होते, पण कुणी त्याला घेईना. भगवंतांनी संघाला विचारले, "या माणसाने केलेला काही उपकार कुणाला आठवतो का?" तेव्हा सारिपुत्त पुढे आले. म्हणाले, "मी राजगृहात भिक्षेला फिरत होतो, तेव्हा याने मला पळीभर भात वाढला होता." अग्रश्रावक सारिपुत्त, प्रज्ञेत ज्यांना तोड नाही, त्यांनी एक पळी भात लक्षात ठेवला होता! त्यांनीच राधाला दीक्षा दिली. मी वर्षभर मनात म्हणतो आहे, एका पळीचे एवढे, तर सतरा दिवसांच्या डब्यांचे किती?

दुसरी गोष्ट माझ्या आईची. तुम्हा सर्वांना ती ठाऊक होती. ऐंशी ओलांडलेली, कमरेत वाकलेली, पण पौर्णिमेला पांढरे लुगडे नेसून विहारात सगळ्यांच्या आधी. माघ महिन्यात ती गेली. तिचा अंत्यविधी आणि पुण्यानुमोदन आपण बौद्ध पद्धतीने केले. काही पाहुण्यांचे म्हणणे होते की म्हातारीच्या जिवाला शांती म्हणून थोडे जुने रीतीरिवाजही करावेत. आम्ही नम्रपणे नाही म्हटले, कारण तिनेच ते सांगून ठेवले होते. त्या पैशात विहाराच्या अभ्यासिकेसाठी चार बाके आणि एक कपाट घेतले. आज तिथे दहावीची पोरे बसतात.

माझी आई शाळेत गेली नाही, पण तिने बाबासाहेबांना पाहिले होते. २५ डिसेंबर १९५४. देहूरोड. धम्मदीक्षेला अजून पावणेदोन वर्षे होती. बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना त्या दिवशी तिथे केली. आजोबा तिला घेऊन मावळातल्या आमच्या गावाहून निघाले होते, शिदोरीला भाकरी आणि चटणी. ती सांगायची, "गर्दीत मला काय बी ऐकू आलं नाही. पर बाबासायेब उभं राहिलं आन् म्हातारी माणसं रडाया लागली, ते दिसलं." एवढीच तिची आठवण. पण त्या एका आठवणीवर ती सत्तर वर्षे ताठ जगली. दुसऱ्याच्या बांधावर मजुरी केली, पण घरात पुन्हा अंगारा-धुपारा येऊ दिला नाही.

आईची एक सवय होती. रात्री आडवी झाली की बोटांवर माणसे मोजायची. आज कुणी पाणी दिले, कुणी हंडा उचलू लागले, कुणी बसमध्ये जागा दिली. लहानपणी मला वाटे ती मजुरीचे आणे मोजते. ती गेल्यावर मी एक वही घेतली आणि तेच लिहायला लागलो. रोज झोपताना तीन नावे. नाव माहीत नसेल तर 'एसटीचा कंडक्टर', 'रक्त देणारा', असे लिहायचे. कामगाराला लिहिण्याचा आळस असतो, पण नऊ महिने झाले, वही अजून चालू आहे. त्याचा फायदा काय, विचाराल तर एकच सांगतो. दिवसभर ज्याचे वाईट वाटत होते, तेही रात्री त्या तीन नावांपुढे लहान दिसते. दुःख नाहीसे होत नाही, पण माणूस एकटा राहत नाही.

आईवडिलांच्या उपकाराविषयी भगवंतांचे वचन फार कडक आहे. एका खांद्यावर आई आणि दुसऱ्यावर बाप घेऊन शंभर वर्षे सांभाळले तरी ते ऋण फिटत नाही, असे ते म्हणतात. मग फिटते कशाने? आईवडिलांना श्रद्धा, शील, दान आणि प्रज्ञा यांच्या वाटेवर आणून उभे केले तर फिटते. आमच्याबाबतीत उलटे झाले. आमच्या अडाणी आईनेच आम्हाला त्या वाटेवर उभे केले. त्यामुळे ते ऋण आता तिला परत देता येणार नाही. ते पुढच्यांनाच द्यायचे आहे.

उपकार पुढे कसा जातो, याचा मोठा दाखला बाबासाहेबांच्या जीवनातच आहे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. एका शिक्षकाने एका हुशार मुलाला एक पुस्तक दिले, एवढीच गोष्ट. त्यानंतर एकोणपन्नास वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात लाखो माणसे बुद्धाला शरण गेली. पुस्तक देताना गुरुजींना हे दिसले असेल का? बाबासाहेब मात्र गुरुजींना विसरले नाहीत. ते कतवेदी होते. त्यांच्या ग्रंथांच्या अर्पणपत्रिका पाहा. १९४० चा 'थॉट्स ऑन पाकिस्तान' माता रमाईच्या स्मृतीस, १९४६ चा शूद्रांवरचा ग्रंथ क्रांतिबा जोतीराव फुल्यांना, १९४८ चा अस्पृश्यांवरचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखोबांना. एवढा जगन्मान्य विद्वान, पण उपकाराचा जाहीर उच्चार केल्याशिवाय राहिला नाही.

परंतु बांधवांनो, कृतज्ञता आणि लाचारी यांत फरक आहे, तो आपल्या लोकांनी विसरू नये. शेकडो वर्षे आपल्याला शिळे तुकडे देऊन त्याचेच उपकार सांगण्यात आले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी आयर्लंडच्या डॅनियल ओकॉनेलचा दाखला दिला आहे. त्याचा भावार्थ असा, की स्वतःचा मान, शील किंवा देशाचे स्वातंत्र्य गहाण टाकून कुणी कृतज्ञ राहू शकत नाही.

यंदा मिलमध्ये आम्हा जुन्या कामगारांचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. एक साहेब बोलताना म्हणाले, "कंपनीचे उपकार विसरू नका." मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी म्हटले, "कंपनीने पगार दिला, आम्ही घाम दिला, दोघांनीही एकमेकांचे भान ठेवावे. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. कामगाराला त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, जेवण आणि मजुरी द्यावी, आजारात काळजी घ्यावी, चांगले मिळाले तर त्यातले वाटून द्यावे, वेळेवर सुट्टी द्यावी. आणि कामगारानेही मन लावून काम करावे, चोरी करू नये, मालकाचे चांगले ते चांगले म्हणावे. साहेब, आमच्याबरोबर ठेकेदाराची अकरा पोरे काम करतात. त्यांना ईएसआयचे कार्ड नाही. माझी बायको त्या कार्डामुळे वाचली. माझ्या सत्काराची शाल नको, त्या पोरांची कार्डे काढा." सभेत थोडी शांतता झाली. नंतर युनियनने विषय लावून धरला, दोन महिने कागद फिरले, आणि अकराही पोरांची कार्डे निघाली. त्यात आपल्या समाजाची चार, कातकरी समाजाचे दोन, बाकी बिहारकडचे. उपकार फेडताना जात-प्रांत पाहायचा नसतो.

आता स्वतःच्या प्रगतीचे थोडे. मुलगी नर्सिंगची परीक्षा पास होऊन कामाला लागली, मुलगा पुण्यात कंपनीत आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांचे शिक्षण झाले, तसे बापाचेही व्हायला हवे. यंदा मी दोन गोष्टी केल्या. एक, भाज्याच्या सद्धम्मप्रदीप केंद्रात शिबिराला बसलो. मैत्री भावनेत आधी स्वतःसाठी, मग मित्रासाठी, मग ज्याच्याशी आपले काही देणेघेणे नाही अशा माणसासाठी, मग ज्याच्याशी पटत नाही त्याच्यासाठी मंगल चिंतायचे असते. तिसऱ्या पायरीला, देणेघेणे नसलेला माणूस म्हटल्यावर, माझ्यापुढे रक्त देणारे आले. तेव्हा कळले, जगात देणेघेणे नाही असा माणूस शोधूनही सापडणे कठीण.

दुसरी गोष्ट, ब्राह्मी लिपीची अक्षरे शिकलो. अजून चाचपडतच वाचतो. एका रविवारी तरुण मंडळाच्या पोरांना घेऊन कार्ल्याला गेलो. एकवीरेच्या दर्शनाची गर्दी होती, त्यातून वाट काढत चैत्यगृहात शिरलो. भारतातले सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह ते. छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांच्या आसपास अजून जागेवर आहेत. पोरे म्हणाली, "हे कुठल्या राजानं बांधलं?" मी त्यांना लेख दाखवले. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे, तसेच धेनुकाकटाच्या एका गंध विकणाऱ्याचे आहे, सामी नावाच्या एका सुताराचे आहे, यवनांची आहेत, भिक्खुणींचीही आहेत. कुणी खांब दिला, कुणी दरवाजा. एकट्या राजाचे हे काम नव्हे. सुताराचे नाव दोन हजार वर्षे टिकले, कारण त्याचे दान जाणवून देणारे कुणीतरी होते आणि त्यांनी ते दगडात कोरले. एक पोरगा म्हणाला, "काका, म्हणजे आपल्या विहाराच्या देणगीदारांच्या फरशीसारखंच!" मी म्हटले, अगदी बरोबर. फक्त आपल्या फरशीवर मोठ्या रकमेचीच नावे आहेत. डबा पोचवणाऱ्यांची, झाडू मारणाऱ्यांची, पाण्याचे पिंप भरणाऱ्यांचीही नावे कुठेतरी लिहिली पाहिजेत.

म्हणून समितीपुढे आज नम्रपणे तीन सूचना ठेवतो. पहिली, विहारात एक वही ठेवावी. ज्याला कुणाचा उपकार आठवेल त्याने त्यात नाव लिहावे आणि पौर्णिमेला ती नावे वाचून दाखवावीत. दुसरी, पुढच्या वर्धापनदिनी रक्तदान शिबिर घ्यावे. माझ्या पत्नीच्या तीन बाटल्यांची फेड करायला माझी दोन्ही मुले पहिल्या रांगेत उभी राहतील, तिसरा माणूस तुमच्यातून द्या. तिसरी, ज्या घरात कमावते हात आहेत त्यांनी मिळकतीतला थोडा भाग अभ्यासिकेसाठी नियमाने काढावा. १८ मार्च १९५६ ला आग्र्यात बाबासाहेबांना आपल्याच शिकलेल्या लोकांविषयी खंत बोलून दाखवावी लागली. मोठ्या शहरात फ्लॅट घेतलेल्या आपल्या मुलांनी ती तारीख लक्षात ठेवावी.

हे वर्ष आमच्या घरातून आईला घेऊन गेले आणि पत्नीला परत देऊन गेले. याचा हिशेब बरोबरीत मांडता येत नाही, आणि मांडायचाही नाही. जे गेले त्यांच्यासाठी दान करायचे, जे राहिले त्यांची काळजी घ्यायची. ज्यांनी डबे दिले त्या भगिनींची यादी माझ्या पत्नीने स्वतः लिहिली आहे. सभा संपल्यावर ती एकेकीला भेटणार आहे. तिला फार वेळ उभे राहवत नाही, तेव्हा कृपा करून तुम्हीच तिच्याजवळ जा.

  वहीत आज रात्री तीन नावांनी भागणार नाही.